सारखे कवच, वेगळे कूळ : अरबी समुद्रातील फोरॅमिनीफेरा आणि मोसमी पावसाचा इतिहास

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके सह्याद्रीच्या ऐन पायथ्याशी वसलेले आहेत. तेथील भाताची खाचरे, नाचणी-वरीची वरकस जमीन, माळशेज आणि कसारा घाटांतून उतरणारे ओढे आणि मुंबईची तहान भागवणारी तानसा-भातसाची धरणे हे सारे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येणाऱ्या नैऋत्य मोसमी पावसावर उभे आहे. वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या प्रदेशातील अनेक पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. त्यामुळे पाऊस किती पडतो, कधी ओढ देतो आणि शतकानुशतकांच्या मापाने तो कसा बदलत आला आहे, हे प्रश्न येथे केवळ अभ्यासकांचे राहत नाहीत. परंतु भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली आणि पर्जन्यमापकाच्या सलग नोंदी त्याच्या फार मागे जात नाहीत. त्यापूर्वीच्या हजारो वर्षांच्या पावसाची साक्ष काढायची, तर तो ज्या समुद्रावरून येतो त्या अरबी समुद्राच्या तळाशी जावे लागते. तेथील गाळात वाळूच्या कणाएवढ्या कवचांच्या रूपाने ही साक्ष जपलेली आहे, आणि ती नीट वाचता यावी म्हणून या कवचांची खरी ओळख पटवण्याचे जे काम गेल्या तीन दशकांत जनुकशास्त्राने केले, त्याचा इतिहास प्रस्तुत लेखात मांडला आहे.

दॉर्बिन्यीपासून चॅलेंजरपर्यंत

फोरॅमिनीफेरा हे एकपेशीय सागरी जीव असून त्यांपैकी बहुतेक स्वतःभोवती कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुन्याचे, कवच रचतात. जीव वाढत जातो तसतसा तो कवचाला एकेक नवा कप्पा जोडतो आणि हे कप्पे बहुधा चक्राकार मांडले जातात. यांच्या हजारो प्रजाती समुद्राच्या तळावर राहतात, तर केवळ पन्नासच्या आसपास प्रजाती पाण्याच्या वरच्या थरांत तरंगत आयुष्य काढतात. या तरंगणाऱ्या प्रजातींना प्लवक फोरॅमिनीफेरा म्हणतात. त्यांचे आयुष्य काही आठवड्यांचे असते. प्रजननानंतर रिकामे झालेले कवच तळाशी जाते आणि गाळाच्या थरांत पुरले जाते.

या जीवांना शास्त्रीय नाव मिळाले ते १८२६ साली, आल्सीद दॉर्बिन्यी या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाकडून. कप्प्याकप्प्यांच्या चक्राकार रचनेमुळे त्याने त्यांची गणना माखली व नॉटिलस यांच्या वर्गात केली, आणि ही समजूत १८३५ पर्यंत टिकली. त्या वर्षी फेलिक्स द्युजार्दँ याने जिवंत नमुन्यांचे निरीक्षण करून दाखवून दिले की कवचाच्या आत कोणताही अवयव नसून केवळ प्रवाही सजीव द्रव्य आहे आणि हे प्राणी अत्यंत साध्या घडणीचे आहेत. वर्गीकरण बदलले, पण दॉर्बिन्यीने कवचांच्या आकारावरून ठरवलेल्या प्रजाती मात्र कायम राहिल्या. अरबी समुद्राच्या इतिहासात जिला मध्यवर्ती स्थान मिळाले ती ग्लोबिजेरिना बुलॉइडिस ही प्रजातीही त्याने १८२६ सालीच नोंदवलेली होती. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कवच फुगीर, जवळजवळ गोल कप्प्यांचा घोस असल्यासारखे दिसते. शेवटच्या वेढ्यात साधारण चार कप्पे असतात आणि त्यांच्या मधोमध कमानीसारखे रुंद मुख असते.

ब्रिटिश नौका चॅलेंजरच्या १८७२ ते १८७६ या सागरी सफरीत महासागरांच्या तळावरील विस्तीर्ण प्रदेश याच कुळातील कवचांनी झाकलेला आढळला. सफरीतील जॉन मरे यांनी जाळ्यांतील नमुन्यांवरून दाखवले की ही कवचे तळावर राहणाऱ्या जीवांची नसून पृष्ठभागाजवळ जगून खाली पडणाऱ्या जीवांची आहेत. हेन्री बोमन ब्रॅडी यांचा १८८४ सालचा चॅलेंजर अहवाल ही पुढील पिढ्यांची आधारशिला ठरली. मरे यांनी मागे ठेवलेल्या निधीतून १९३३-३४ मध्ये ‘माबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरून अरबी समुद्राची पाहणी झाली आणि तिचे नेतृत्व भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे माजी संचालक सीमूर स्यूएल यांनी केले. साठच्या दशकारंभी आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम पार पडली आणि तिच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यातील दोना पावला येथील या संस्थेमुळे कोकण किनाऱ्यालगतच फोरॅमिनीफेरांच्या अभ्यासाचे एक मोठे केंद्र उभे राहिले. लोथल येथील हडप्पाकालीन आयताकार बांधीव जागा गोदी होती की गोड्या पाण्याचा तलाव, या वादात तेथील मातीत सापडलेली सागरी फोरॅमिनीफेरांची कवचे १९८८ साली याच संस्थेचे राजीव निगम यांनी पुराव्यादाखल मांडली, यावरून या सूक्ष्म कवचांच्या साक्षीचे मोल ध्यानात येते.

वारा, थंड पाणी आणि बुलॉइडिस

नैऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यांना समांतर वाहतात तेव्हा पृथ्वीच्या परिवलनामुळे पृष्ठभागाचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि त्याची जागा घेण्यासाठी खोलवरचे थंड, पोषक द्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते. हे पाणी वर आले की सूक्ष्म शैवालांची भरभराट होते आणि त्यावर पोसणाऱ्या बुलॉइडिसची संख्या झपाट्याने वाढते. तेच वारे पुढे बाष्प घेऊन सह्याद्रीला धडकतात आणि माहुलीच्या सुळक्यांवर, नाणेघाटाच्या तोंडावर आणि खालच्या खाचरांवर पाऊस होऊन कोसळतात. म्हणजे ओमानलगतच्या गाळातील बुलॉइडिसची कवचे आणि मुरबाडच्या शेतातील पाऊस ही एकाच वाऱ्याची दोन फळे होत. या वाऱ्याचे ज्ञान या प्रदेशाला फार जुने आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविक ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे, आणि मोसमी वाऱ्यावर पश्चिमेकडून येणारा माल कल्याणहून मुरबाडच्या वाटेने नाणेघाट चढून जुन्नरकडे जात असे. सातवाहनांचा शिलालेख असलेले घाटमाथ्यावरील लेणे त्या वाहतुकीची आजही ग्वाही देते.

वारा आणि कवचे यांचा संबंध प्रत्यक्ष मापनाने सिद्ध झाला तो १९८६ पासून. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि हँबुर्ग विद्यापीठ यांनी अरबी समुद्राच्या पश्चिम, मध्य व पूर्व भागांत गाळसापळे, म्हणजे वरून झिरपणारे कण ठरावीक कालावधीने वेगवेगळ्या बाटल्यांत साठवणारी नरसाळी, खोल पाण्यात टांगली. आर. आर. नायर आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांतून दिसले की तळाकडे जाणाऱ्या कणांचा ओघ मोसमी वाऱ्यांच्या तालावर वाढतो आणि घटतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फोरॅमिनीफेरांच्या कवचांबाबतही तेच आढळले. दरम्यान १९८७ साली आंतरराष्ट्रीय सागरी उत्खनन कार्यक्रमाने ओमानच्या उतारावर वेधन करून गाळाचे लांबच लांब स्तंभ काढले होते. अशा स्तंभाचा एकेक तुकडा चाळणीवर धुऊन, उरलेली कवचे काळ्या तबकडीत पसरून, ओल्या बारीक कुंचल्याने एकेक कवच उचलत प्रत्येक नमुन्यातील सुमारे तीनशे कवचे प्रजातीवार मोजण्याची पद्धत आहे. यांतील बुलॉइडिसच्या टक्केवारीवरून अनिल गुप्ता, डेव्हिड अँडरसन आणि जोनाथन ओव्हरपेक यांनी २००३ साली असा निष्कर्ष काढला की गेल्या सुमारे ११,००० वर्षांत उत्तर अटलांटिकमध्ये थंडीचे जे टप्पे आले, त्या त्या वेळी नैऋत्य मोसमी वारेही मंदावले होते.

या साऱ्या गणितामागे एक गृहीतक होते. बुलॉइडिस म्हणून मोजलेले प्रत्येक कवच एकाच प्रजातीचे आहे आणि त्या प्रजातीच्या आवडीनिवडी जगभर सारख्याच आहेत, असे मानले जात होते. प्रत्यक्षात जुन्या नोंदींत ही प्रजाती मुख्यतः थंड व समशीतोष्ण पाण्यातील म्हणून ओळखली जाई. मग उष्ण कटिबंधातील अरबी समुद्रात ती एवढ्या संख्येने कशी वाढते, याचे उत्तर वर येणाऱ्या थंड पाण्यात शोधले गेले. ते उत्तर अपुरे होते, हे केवळ कवचाकडे पाहून कळणे शक्य नव्हते.

एका पेशीतून डीएनए

भाताच्या राबात दोन वाणांची रोपे शेजारीशेजारी उगवली तर नजरेला ती एकच वाटतात, पण एक हळवे आणि दुसरे गरवे असू शकते. त्याचप्रमाणे बाह्य रूपाने एक दिसणाऱ्या पण वंशाने स्वतंत्र असणाऱ्या जीवांना प्रच्छन्न प्रजाती म्हणतात. प्लवक फोरॅमिनीफेरांमध्ये अशा प्रजाती असाव्यात, ही शंका जिवंत नमुने सांभाळणाऱ्यांना आधीच आली होती. ग्लोबिजेरिनेला सायफोनिफेरा या प्रजातीत दोन प्रकार असून त्यांच्या पेशीत राहणारी सहजीवी शैवाले आणि वाढीची गती भिन्न आहे, हे १९८८ साली नोंदवले गेले होते. परंतु हा फरक परिस्थितीमुळे पडतो की वंशामुळे, हे सांगणारे साधन हाती नव्हते.

ते साधन नव्वदच्या दशकात आले. डीएनएचा अत्यल्प अंश प्रयोगशाळेत लक्षावधी पटींनी वाढवणाऱ्या पीसीआर या तंत्रामुळे एकाच पेशीतून जनुकाचा क्रम वाचणे शक्य झाले आणि जिनिव्हा येथे यान पाव्हलोव्हस्की, तर एडिंबरा येथे केट डार्लिंग यांनी आपापल्या सहकाऱ्यांसह फोरॅमिनीफेरांवर ते वापरले. हे काम कष्टाचे होते. प्लवक फोरॅमिनीफेरांची पिढ्यान् पिढ्या प्रयोगशाळेत पैदास होत नसल्यामुळे प्रत्येक नमुना जाळ्याने किंवा पाणबुड्याने समुद्रातूनच आणावा लागे. त्याच्या अंगावरील काट्यांत भक्ष्याचे अवशेष अडकलेले असत, पेशीत परक्या शैवालांचा डीएनए असे, आणि एक नमुना म्हणजे एकच पेशी असल्याने चूक झाली तर दुसरी संधी नसे. कुंचल्याने स्वच्छ केलेला एकेक जीव स्वतंत्र नळीत रसायनात ठेवला जाई. मग राइबोसोमच्या, म्हणजे पेशीत प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेच्या, लहान घटकाचे जनुक वाढवून त्यातील अक्षरांचा क्रम ताडून पाहिला जाई. हे जनुक सर्व सजीवांत असते, त्यामुळे तुलना करता येते. शिवाय फोरॅमिनीफेरांत त्याचे काही भाग विलक्षण वेगाने बदललेले असल्याने जवळच्या नातलगांतील फरकही त्यात उमटतो.

निष्कर्ष एकामागून एक येऊ लागले. ब्रायन ह्यूबर, येले बाइमा आणि केट डार्लिंग यांनी १९९७ साली दाखवले की सायफोनिफेराचे दोन प्रकार वंशाने स्पष्टपणे वेगळे असून कवचावरील छिद्रांच्या मांडणीतही तो फरक टिपता येतो. कोलोम्बाँ द व्हार्गास आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली ऑर्ब्युलिना युनिव्हर्सा या गोलाकार कवचाच्या प्रजातीत तीन प्रच्छन्न प्रजाती शोधल्या आणि त्यांचा विस्तार समुद्रातील अन्नसमृद्धीच्या पट्ट्यांशी जुळतो असे दाखवले. पुढे कवच न विरघळवता डीएनए काढण्याची रीत सापडल्याने ज्या कवचाचा वंश ठाऊक आहे तेच कवच सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येऊ लागले. २००९ साली ऑर्ब्युलिनाच्या या प्रजाती छिद्रांवरून ओळखण्याचा मार्ग त्यातूनच निघाला.

या प्रवासातील सर्वांत बोलके प्रकरण उत्तरेकडील थंड समुद्रातील निओग्लोबोक्वाड्रिना पॅकिडर्मा हिचे आहे. हिची काही कवचे डावीकडे वळतात, काही उजवीकडे. डावी थंड पाण्यात आणि उजवी तुलनेने उबदार पाण्यात आढळत असल्याने डेव्हिड एरिक्सन यांनी १९५९ साली वळणाची ही दिशा जुन्या तापमानाचा निर्देशक म्हणून सुचवली आणि तापमान बदलले की एकच प्रजाती वळण बदलते, असे दीर्घकाळ मानले गेले. डार्लिंग आणि सहकाऱ्यांनी २००६ साली जनुकीय पुराव्याने हा प्रश्न निकालात काढला. डावी आणि उजवी कवचे दोन स्वतंत्र प्रजातींची असून प्रत्येकीत उलट वळणाचे नमुने अगदी थोडे असतात, त्यामुळे उजव्या प्रजातीला इनकॉम्प्टा हे १९६१ सालचे नाव परत द्यावे, असे त्यांनी प्रतिपादले. निर्देशक म्हणून वळणाचा उपयोग टिकला, पण त्याचा अर्थ बदलला. वळणातील बदल म्हणजे एका प्रजातीने घेतलेले रूपांतर नव्हे, तर एका प्रजातीची जागा दुसरीने घेतल्याची खूण होय.

अरबी समुद्रातील निवाडा

बुलॉइडिसच्या बाबतीत जनुकशास्त्राने दोन मोठ्या शाखा समोर आणल्या. एक मुख्यतः उष्ण पाण्यातील आणि दुसरी थंड पाण्यातील असून प्रत्येकीचे पोटप्रकारही सापडत गेले. थंड पाण्यातील काही प्रकारांचे जनुक आर्क्टिक आणि अंटार्क्टिक या दोन्हीकडच्या समुद्रांत अगदी सारखे असल्याचे डार्लिंग व सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले होते, म्हणजे उष्ण पट्टा ओलांडूनही त्यांचे मिश्रण होत आले आहे. अरबी समुद्रातील बुलॉइडिस मात्र उष्ण पाण्याच्या शाखेतील ठरते. ब्रिटिश संशोधन नौका चार्ल्स डार्विनवरून २००३ सालच्या उन्हाळ्यात गोळा केलेल्या नमुन्यांचा अभ्यास हायडी सीअर्स, केट डार्लिंग आणि ख्रिस्तोफर वेड यांनी २०१२ साली प्रसिद्ध केला. त्यात अरबी समुद्रातील अनेक प्रजातींचे जनुकीय प्रकार तापमान, क्षारता आणि अन्न यांच्या भिन्न पट्ट्यांत आपापली जागा राखून असल्याचे दिसून आले.

या निवाड्याचे परिणाम दोन दिशांनी जातात. ओमानलगतच्या गाळातील बुलॉइडिस ही उत्तरेकडची थंड पाण्यातील पाहुणी नाही, तर ऊब सोसणाऱ्या आणि अन्नाच्या सुकाळाला धावून जाणाऱ्या स्वतंत्र वंशाची आहे. म्हणून तिची वाढ तापमानापेक्षा अन्नाकडे, म्हणजेच वाऱ्याने वर आणलेल्या पोषक पाण्याकडे अधिक बोट दाखवते आणि मोसमी वाऱ्याची खूण म्हणून तिचा मान वाढतो. दुसरीकडे, अटलांटिकमधील बुलॉइडिसवरून बसवलेले तापमानाचे किंवा ऑक्सिजन समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या भिन्न वजनाच्या अणूंच्या प्रमाणाचे, कोष्टक अरबी समुद्राला जसेच्या तसे लावणे धोक्याचे ठरते, कारण ते दुसऱ्याच वंशावर बेतलेले असते. मिहाल कुचेरा आणि डार्लिंग यांनी २००२ साली हेच तत्त्व व्यापक रूपात मांडले होते. प्रच्छन्न प्रजाती वेगळ्या धरल्या, तर कवचांवरून काढलेले जुन्या समुद्राचे तापमान अधिक अचूक येते, असे त्यांनी दाखवले.

उष्ण समुद्रांच्या तापमानाचा अंदाज ज्या कवचावर सर्वाधिक विसंबतो, त्या ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर या प्रजातीचीही अशीच छाननी झाली. हिचे पांढरे आणि गुलाबी असे दोन रंग आहेत. गुलाबी प्रकार हिंदी आणि पॅसिफिक महासागरांतून सुमारे १,२०,००० वर्षांपूर्वी नाहीसा झाला व आज तो केवळ अटलांटिकच्या बाजूला जगतो, त्यामुळे अरबी समुद्राच्या गाळात गुलाबी कवच मिळाले की त्या थराचे वय त्याहून जुने असल्याचे कळते. पांढऱ्या कवचांतही दोन घडणींची सरमिसळ होती आणि जनुकांच्या तपासणीनंतर राल्फ ऑराह्स व सहकाऱ्यांनी २०११ साली त्यांतील दाटीवाटीच्या कप्प्यांच्या घडणीला इलाँगॅटस ही स्वतंत्र प्रजाती म्हणून पुन्हा मान्यता दिली. हे नावही मुळात दॉर्बिन्यीनेच दिलेले होते. मधल्या काळात ते रुबरमध्ये विलीन केले गेले होते. जुन्या निरीक्षकाची नजर किती सूक्ष्म होती, याची पावती जनुकशास्त्राने अशा रीतीने दिली.

पायाखालच्या खडकाचा प्रश्न

फोरॅमिनीफेरांचा या दोन तालुक्यांशी आणखी एक, फार प्राचीन, संबंध आहे. कसारा घाटाचे आणि नाणेघाटाचे काळे कडे ज्या बेसाल्टचे बनले आहेत तो दख्खनच्या ज्वालामुखी उद्रेकांतून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचून तयार झाला. त्याच सुमारास पृथ्वीवरील डायनोसॉरांबरोबर प्लवक फोरॅमिनीफेरांच्याही बहुसंख्य प्रजाती नष्ट झाल्या. हा संहार उल्कापाताने झाला की लाव्हाने, आणि दोहोंचा वाटा किती, या वादात आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीच्या खाणींमध्ये लाव्हाच्या दोन थरांच्या मधल्या सागरी गाळात सापडलेली प्लवक फोरॅमिनीफेरांची कवचे गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली मांडली. दख्खनच्या लाव्हाचा आणि संहाराचा काळ एकमेकांशी ताडून पाहण्यास ती उपयोगी पडली. एवढ्या जुन्या कवचात डीएनए उरत नाही, म्हणून तेथे केवळ आकारावरच निर्णय करावा लागतो. तरीही जिवंत प्रजातींनी दिलेला धडा तेथे लागू पडतो. आकाराने एक दिसणारी प्रजाती अनेक वंशांची असू शकते, हे लक्षात ठेवले तर संहारात गेलेल्या आणि वाचलेल्या प्रजातींची आजची मोजदाद ही आकारांची मोजदाद आहे आणि वंशांची संख्या त्याहून मोठी असू शकते, हे मान्य करावे लागते. सजीवांत जनुकांच्या साहाय्याने पक्क्या झालेल्या छिद्रांच्या व कप्प्यांच्या खुणा जीवाश्मांत शोधणे, हा त्या मर्यादेतून निघणारा एक मार्ग आहे.

दॉर्बिन्यीने कवचाच्या घडणीवर नावे ठरवली, गाळ वाचणाऱ्यांनी त्या नावांवर मोसमी वाऱ्याचा इतिहास बांधला आणि जनुकशास्त्राने त्या नावांची उलटतपासणी केली. या तपासणीत जुनी इमारत कोसळली नाही. काही ठिकाणी तिचा पाया अधिक भक्कम झाला आणि काही ठिकाणी चुकीच्या जागी ठेवलेला दगड हलवावा लागला. सागरी गाळावरून काढलेले मोसमी पावसाचे भूतकालीन चढउतार हे आज भविष्यातील पावसाच्या अंदाजांची पारख करण्यासाठी वापरले जातात आणि धरणांचे नियोजन, पिकांची निवड व पाण्याची वाटणी यांचे निर्णय अशा अंदाजांकडे पाहून होऊ लागले आहेत. म्हणून अर्ध्या मिलिमीटरच्या कवचावरील छिद्रे मोजण्यात आणि एका पेशीतील जनुकाचा क्रम लावण्यात गेलेली वर्षे ही केवळ वर्गीकरणाच्या हौसेची नव्हेत. ज्यांचे सारे वर्ष चार महिन्यांच्या पावसावर ठरते, त्या शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्यांना आणि त्यांच्या धरणांचे पाणी पिणाऱ्या महानगराला पावसाचा खरा इतिहास मिळण्याचा हक्क आहे, आणि साक्षीदार नेमका कोण हे ओळखल्याशिवाय तो इतिहास खरा ठरत नाही.